मल्हारी मास्तरांचा कळप

मल्हारी मास्तर रोज सकाळी आपली झाडं चरायला न्यायचे.

मी शुद्धीवर आहे आणि वाक्य नीट वाचून लिहिलं आहे. लोक गुरं चरायला नेतात, शेळ्या नेतात. मास्तर झाडं न्यायचे. त्यांच्या अंगणात एकतीस कुंड्या होत्या. कुंड्या म्हणजे आपलं म्हणायचं. रॉकेलचे कापलेले डबे, गळके माठ, बूड गेलेल्या बादल्या, चुन्याचं एक घमेलं, असा तो सगळा सरंजाम. सकाळी ऊन पडवीच्या भिंतीवर यायचं, तेव्हा सगळी झाडं भिंतीशी. दहाच्या सुमाराला ऊन अंगणाच्या मध्यावर सरकलं की झाडंही मध्यावर. तीननंतर शेजारच्या माडीची सावली पसरायला लागली की झाडं फाटकाजवळ, कारण उन्हाचा शेवटचा पट्टा तिथं पडायचा. दिवस मावळला की सगळी परत पडवीच्या आडोशाला. कुंडी उचलताना मास्तर जिभेनं टक् टक् आवाज करत, आणि एखादी जड निघाली तर "हर्र, चल की गं माय" म्हणत. एका हाताला काठी लटकवलेली असे. झाडांना काठी कशाला, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"काठी न्हाई तर कळप ऐकतो व्हय?" मास्तर म्हणाले.

मी तेव्हा परतूरला कापूस खरेदी केंद्रावर कारकून होतो. लग्न झालेलं नव्हतं, स्वयंपाक येत नव्हता आणि सकाळी उठायचा कंटाळा होता. मास्तरांच्या घराची बाजूची खोली मला राहायला मिळाली. खोलीला एकच खिडकी, ती नेमकी त्यांच्या अंगणात उघडायची. त्यामुळे झाडं पहिल्यांदा चरायला निघाली की माझी झोप मोडायची आणि अंथरुणात पडल्या पडल्या मला हा सगळा तमाशा फुकट बघायला मिळायचा.

मास्तर धनगराच्या घरातले. आजा, बाप, चुलते सगळे मेंढरांमागे हिंडलेले. घरातून शाळेत गेले ते एकटे मास्तर, आणि गेले ते असे गेले की सगळा जन्म शाळेतच काढून, मुख्याध्यापक होऊनच बाहेर पडले. पण रक्त कुठं जातं? एका जागी बसलेली कुठलीही वस्तू त्यांना बघवत नसे. "हालतं ऱ्हावं," हा त्यांचा मंत्र. झाडाला, माणसाला, खुर्चीला, सगळ्यांना तोच. रविवारी मी जरा उशिरापर्यंत लोळत पडलो की खिडकीतून आवाज यायचा, "ओ कारकून! एकाच कुशीवर किती येळ झोपून राह्यलात? मुळं फुटतील ना तुम्हाला!"

मी कूस बदलायचो. एवढ्यानं त्यांचं समाधान व्हायचं.

संध्याकाळचा कार्यक्रम तर बघण्यासारखा. सगळ्या कुंड्या पडवीत आल्या की मास्तर काठी टेकवून समोर उभे राहत आणि ओळीवरून एकदा नजर फिरवत. बोटांवर मोजायची त्यांची पद्धत नव्हती. मेंढका कळपाकडं एकदा बघतो आणि त्याला कळतं म्हणे. मास्तर बघत आणि म्हणत, "एक कमी हाय."

सुरुवातीला मला खरंच वाटलं की एखादी कुंडी राहिली. मी उठून फाटकापाशी बघून आलो, हौदामागं बघून आलो. मग स्वतः मोजल्या, एकतीस. "मास्तर, एकतीस आहेत, सगळ्या आहेत," मी सांगितलं. "आसतील," ते म्हणाले आणि आत गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, "एक कमी हाय." तिसऱ्या दिवशीपासून मी मोजायचं सोडून दिलं. म्हाताऱ्या माणसाला एखादी खोड असायचीच.

मात्र त्या बागेच्या बाबतीत मास्तर भलतेच कडक. समोरच्या शेवंताबाईची शेळी एकदा आत शिरली आणि तिनं गुलाबाचं पान खाल्लं. पान म्हणजे एक पान, तेही अर्धंच. मास्तरांनी उरलेलं अर्धं पान खुडलं, तळहातावर ठेवलं आणि शेवंताबाईच्या दारात जाऊन उभे राहिले.

"हे बघा," ते म्हणाले. "ह्याचा दुसरा भाग तुमच्या शेळीच्या पोटात हाय."

"मंग काय पोट फाडू काय तिचं?" शेवंताबाई म्हणाली.

"न्हाई. तुम्हाला माहीत आसावं म्हणून दाखवलं," मास्तर म्हणाले आणि पान घेऊन परत आले. ते पान पुढं कितीतरी दिवस त्यांच्या पुस्तकात होतं. मी स्वतः पाहिलं आहे.

आता असा हा माणूस, आणि माघ लागला की काय करायचा? फाटक उघडं टाकायचा. वर्षभर ज्या फाटकाला कडी असे आणि कडीला वरून सुतळीची गाठ असे, ते फाटक माघापासून शिमग्यापर्यंत सताड उघडं. मग शेळ्या येतात म्हणून स्वतः खुर्ची टाकून, काठी घेऊन तिथं राखणीला बसायचं. मी म्हटलं, "मास्तर, कडी लावली तर राखण करावी लागणार नाही." मास्तरांनी माझ्याकडं वर्गातल्या ढ पोराकडं बघावं तसं बघितलं.

"उन्हाला यायला वाट पाहिजे का न्हाई?" ते म्हणाले.

पण माघातली ती बाग मला आवडायची, हे कबूल केलं पाहिजे. थंडी सरत आलेली, पण सकाळी अजून अंगावर चादर ओढावी वाटायची. शेवग्याची पानं पिवळी होऊन गळायची आणि त्याच काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस लटकायचे, त्यावर दिवसभर मधमाश्या. शेवंती संपलेली असायची. तिच्या वाळक्या काड्या मास्तर बुडापासून कापत आणि नुसते बुडखे ठेवत. कोथिंबीर हातभर वाढून पांढरी फुलं मिरवत असे. मास्तर तिला 'शाळा सोडलेली' म्हणत, कारण तिचा आता भाजीला उपयोग नव्हता. मुळ्यांना डिंगऱ्या धरायच्या. वाल मांडवावर दुसऱ्यांदा लागायचा. मोगऱ्याची एकूण एक पानं मास्तर हातानं ओरबाडून टाकत. त्याशिवाय उन्हाळ्यात कळ्या येत नाहीत, म्हणत. तो उघडाबोडका मोगरा बघून मला वाईट वाटायचं. आणि कागदी लिंबाला फूल आलं की माझ्या खोलीतसुद्धा वास यायचा. त्या वासानं मला घरची आठवण यायची आणि मग उगाच आईला पत्र लिहावंसं वाटायचं.

घराच्या मागच्या बाजूला चार बाजा मावतील एवढा एक वाफा होता. त्यात मास्तर दर हिवाळ्यात लसूणघास पेरत. घरात ना गाय, ना शेळी, ना घोडं. शेवंताबाईनं एकदा शेळीसाठी पेंडीभर मागितला, तर सरळ नाही म्हणाले. तो घास हिरवागार, गुडघ्याएवढा व्हायचा, मास्तर त्याला पाणी घालायचे, आणि कुणालाच द्यायचे नाहीत. शेवटी त्याला जांभळी फुलं यायची आणि उन्हाळ्यात तो वाळून जायचा. शेवंताबाई म्हणायची, "मास्तर सोताच खात आसंल रात्रीचा."

आणि मग ती कार्डं.

माघात दर आठ-दहा दिवसांनी मास्तर एक पोस्टकार्ड लिहीत आणि माझ्याकडं देत, कारण पोस्ट माझ्या वाटेवर होतं. "कारकून, एवढं टाका. जल्दी." आता पोस्टकार्ड म्हणजे उघडं लिहिलेलं, आणि मी काही संत नाही. मी वाचायचो. प्रत्येक कार्ड वाचायचो. पत्ता दुधना नदीच्या पलीकडच्या एका गावाचा, नाव सटवाजी म्हणून कुणाचं तरी. मजकूर हा असा:

"ती. दादांस मल्हारीचा नमस्कार. शेवगा फुलला. शेवंती संपली, बुडखे ठेवले आहेत. वाल दुसऱ्यांदा लागला. लसूणघास गुडघ्याएवढा झाला. कळावे."

पुढच्या कार्डात मोगरा सोलल्याची बातमी. त्याच्या पुढच्यात लिंबाला फूल आल्याची. पोस्ट खात्याला बागेचे निकाल कळवावेत तशी ती कार्डं. मला हसू यायचं. पहिल्या हिवाळ्यात मी चार कार्डं टाकली, एकाचंही उत्तर आलं नाही. कोण देणार उत्तर? काय लिहिणार? 'आमचाही शेवगा फुलला'?

दुसऱ्या हिवाळ्यात मात्र राहवेना. मास्तर फाटकात राखणीला बसले होते आणि गयाबाई पडवीत वालाच्या शेंगा निवडत होत्या. गयाबाई म्हणजे मास्तरांच्या मंडळी. मला शिळ्या भाकरीचा काला आणि ताज्या बातम्या त्यांच्याकडून मिळायच्या. मी त्यांना हळूच विचारलं, "मावशी, हे सटवाजी दादा कोण?"

गयाबाईंनी शेंग हातातच धरून ठेवली. मग फाटकाकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला.

"थोरले भावजी. ह्यांचे सख्खे भाऊ. मेंढरं हायत त्यांची. दर साली परतीच्या वाटंवर माघात इथं येत. एक दीस ऱ्हायचे, मेंढरं अंगणात बसायची, झाडाला वर्षाचं खत व्हायचं. मास्तर चार दीस आधीपासून वाट बघत बसायचे."

"मग आता?"

"सहा सालं झाली. त्या दिशी डिप्टी साहेब शाळा तपासायला आल्ते. ह्यांनी त्यांना चहाला बोलावलं, बागेत खुर्च्या टाकल्या. साहेब गुलाब बघून राह्यले, आन् तेवढ्यात भावजी मेंढरं घेऊन आले. मेंढराला काय कळतं साहेब कोन अन् मास्तर कोन? गेली खुर्चीखालून. साहेब म्हणले, 'कोण हा माणूस?' आन् हे म्हणले..." गयाबाईंनी पुन्हा फाटकाकडं बघितलं. "हे म्हणले, 'आसंल कोनी मेंढका.' आन् भावजीला म्हणले, 'ए बाबा, जनावरं बाहेर काढ.'"

मीपण एक शेंग हातात घेतली.

"भावजीनं पागोटं सरळ केलं, मेंढरं बाहेर काढली. जाताना फाटक लावून घेतलं. तवापासून ते ह्या वाटंनं आले न्हाईत. मधी एवढा मोठा दुष्काळ झाला, मेंढरं जगली का मेली तेबी कळलं न्हाई. तवा मास्तर दोन दीस जेवले नव्हते." गयाबाईंनी शेंग मोडली. "आन् ह्यांना शाळंत घातलं कोनी? भावजीनं. सासरे म्हणायचे, एक पोरगं शाळंला देतो, एक मेंढराला पाहिजे. भावजी म्हणले, मला अक्षर जमत न्हाई, धाकट्याला घाला. आता शाळंत एक दीस गेले न्हाईत, मंग जमत न्हाई हे कसं कळलं त्यांना?"

"म्हणजे त्यांना वाचता येत नाही?" मी म्हटलं. "मग कार्डं?"

"गावात कोनी तरी दाखवीत आसंल वाचून," गयाबाई म्हणाल्या. पण त्यांनाही ते पटलेलं दिसलं नाही.

मला माझीच लाज वाटली. दोन हिवाळे मी त्या कार्डांना हसत होतो. उघडं फाटक, राखलेला घास, संध्याकाळचं ते "एक कमी हाय", सगळं माझ्या खिडकीसमोर होतं आणि मी अंथरुणात पडून गंमत बघत होतो. माणूस वाचतो म्हणजे त्याला कळतंच असं नाही, निदान कारकुनाला तरी.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी केंद्रावर मंठ्याकडचा एक गाडीवान कापूस घेऊन आला, रंगनाथ नावाचा. नंबर लागेपर्यंत बिडी ओढत गप्पा मारत बसला. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला म्हणून उशीर झाला म्हणाला. "सटवाजी धनगराचा. म्हातारा कळप मोडून राह्यलाय आता. गुडघे गेले. पोरगं कालव्याच्या कामाला लागलं, मागं फिरायला कोनी न्हाई. निम्मी इकून दिली, राह्यलेली शिमग्याच्या आत देनार. ही शेवटची फेरी."

संध्याकाळी मी मास्तरांना सांगितलं. त्यांच्या हातात लिंबाचा डबा होता. तो खाली ठेवायचं त्यांना सुचेना. डबा पोटाशी धरून तसेच उभे.

"शेवटची म्हणला?"

"हो."

"मंग पुढल्या साली कळपच न्हाई," मास्तर म्हणाले. "मंग ह्या वाटंला यायचं कारनच न्हाई." त्या दिवशी त्यांनी पडवीतल्या ओळीकडं बघितलंसुद्धा नाही. सरळ आत गेले आणि कंदिलाशी बसून कार्ड लिहिलं. सकाळी माझ्या हातात दिलं. मी वळणावर जाऊन वाचलं. नेहमीसारखाच शेवगा, नेहमीसारखाच वाल. शेवटी मात्र 'दादा, फाटक' एवढं लिहून खोडलं होतं, आणि खोडलं होतं तेही शाईचा डाग पडेपर्यंत.

ते कार्ड मी खिशात ठेवलं. आता पुढचं सांगायला मला आजही जड जातं. त्या दिवशी केंद्रावर पहाटेपासून गाड्या लागल्या होत्या, वजनकाट्यावर भांडण झालं होतं, मी पोस्टाच्या दारावरून तसाच पुढं गेलो. दुसऱ्या दिवशी सदरा बदलला. पाचव्या दिवशी सदरा धुवून, वाळून परत आला, आणि खिशात कार्डाच्या जागी कडक निळसर लगदा होता.

मास्तर दोनदा विचारून गेले होते, "टाकलं ना?" आणि मी दोन्ही वेळेला "हो" म्हटलं होतं. म्हणजे हेसुद्धा माझ्याच नावावर. खरं सांगायची छाती झाली नाही. त्या दिवशी मी केंद्रावर गेलो आणि काम सोडून रस्त्याकडं डोळे लावून बसलो. रंगनाथ दुपारी आला. मी त्याला बाजूला घेतलं, चहा पाजला आणि म्हटलं, "सटवाजी कुठं भेटेल तिथं गाठ. त्याला सांग, तुझ्या भावानं मेंढरांसाठी लसूणघास राखलाय. आणि सांग, फाटक उघडं आहे."

"एवढंच?" रंगनाथ म्हणाला.

"एवढंच. पण विसरू नको." विसरू नको असं सांगणारा मी!

शिवरात्र झाली. ऊन तापायला लागलं, तसा मास्तरांचा कार्यक्रम फिरला. आतापर्यंत उन्हामागं फिरणारा कळप आता सावलीमागं फिरायला लागला. मास्तर उन्हाच्या पुढं पुढं कुंड्या हलवत होते, पण टक् टक् आवाज येत नव्हता. मागच्या वाफ्यात लसूणघासाला जांभळी फुलं दिसायला लागली. फुलं आली म्हणजे घास जून झाला. मास्तर रोज तिकडं जाऊन बघून येत. मी सुद्धा खिडकी लावून घेऊ लागलो.

एका रविवारी सकाळी मला बें-बें ऐकू आलं. आधी वाटलं शेवंताबाईची शेळी. मग लक्षात आलं, एक शेळी एवढ्या तोंडांनी ओरडत नाही. मी तसाच बाहेर आलो. फाटकाबाहेर धूळ, धुळीत तीस-चाळीस मेंढरं, आणि त्यांच्या मागं खांद्यावर घोंगडं टाकलेला, गुडघ्यात वाकलेला एक उंच म्हातारा. फाटक उघडं होतं, पण तो आत येत नव्हता. मेंढरांनाही त्यानं काठी आडवी धरून थोपवलं होतं.

मास्तर अंगणाच्या मध्ये उभे. पुन्हा हातात तोच लिंबाचा डबा.

"ये की दादा," मास्तर म्हणाले.

"चहाला कोनी साहेब तर न्हाई आला?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मास्तरांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "न्हाई," ते म्हणाले. "कारकून हाय फकस्त."

सटवाजीनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. कारकुनाला भ्यायचं कारण नाही असं त्याचं मत पडलं असावं, कारण तो आत आला. मास्तरांनी पाया पडायला वाकायच्या आधी त्यानं त्यांच्या हातातला डबा काढून घेतला आणि खाली ठेवला. "घास कुठाय तुझा, मल्हाऱ्या?" तो म्हणाला. मास्तरांना एकेरी हाक मारणारा माणूस जगात आहे, हे मला तेव्हा कळलं.

मास्तर त्याला मागं घेऊन गेले. बक्षीस मिळालेली वही दाखवावी तसा त्यांनी तो वाफा दाखवला. सटवाजीनं एक काडी उपटली, वास घेतला आणि कपाळाला हात लावला.

"आरं, रातभर उपाशी चालून आली मेंढरं. त्यांच्या मोकळ्या पोटात हा हिरवा घास घालतो व्हय? फुगून मरतील की सगळी! धनगराच्या पोटी जलम घेतला आन् एवढंबी ध्यानात न्हाई?"

मास्तरांचा चेहरा पडला. सहा वर्षं त्यांनी ज्याला पाणी घातलं होतं, तेच मेंढरांना विष निघालं. चौथीच्या पोरानं पाढा चुकावा तसे ते उभे राहिले.

"कापून सुकू दे दुपारपोवतर, मंग खातील," सटवाजी जरा मऊ होऊन म्हणाला. "पर तवर त्यांना काय तरी पोटाला पाहिजे. दुसरं काय हाय?"

मास्तरांनी अंगणाकडं बघितलं. मांडवावर वाल होता. लिंबाला फूल होतं, गुलाबाला शेवटचा बहर होता, डिंगऱ्या होत्या, शाळा सोडलेली कोथिंबीर होती, मोगऱ्याला नुकती पोपटी पालवी फुटली होती. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. अर्धं पान तळहातावर घेऊन शेवंताबाईच्या दारात गेलेला हा माणूस.

"हे हाय की," मास्तर म्हणाले.

"मल्हाऱ्या, ही बाग हाय तुझी."

"मंग? दुसऱ्या कुनाची हाय?" मास्तर म्हणाले, आणि स्वतःच फाटकाशी जाऊन त्यांनी जिभेनं टक् टक् केलं.

मेंढरं आत आली. मी तशी जेवणावळ पुन्हा कधी पाहिली नाही. वालाचा मांडव पहिल्या पाच मिनिटांत खाली आला. गुलाब काट्यांसकट गेला. एक काळं मेंढरू तर लिंबाच्या डब्यात पुढचे पाय देऊन उभंच राहिलं. "कण्हेर बाजूला घे, ती खाल्ली तर मरतील," सटवाजी ओरडला, तेव्हा मास्तर कण्हेरीची कुंडी उचलून पळाले आणि ती माझ्या खोलीत ठेवून आले. सटवाजीनं आकडीनं शेवग्याच्या फांद्या वाकवल्या आणि मास्तरांनी स्वतःच्या हातानं त्या मेंढरांसमोर धरल्या. शेवंताबाई फाटकात येऊन तोंडावर हात ठेवून बघत राहिली. मास्तर हसत होते. मास्तरांना वरचे दोन दात नाहीत, हे इतक्या दिवसांत मला माहीतच नव्हतं.

बाग संपल्यावर चहा झाला. सटवाजीनं कमरेच्या पिशवीतून फडक्याची एक घडी काढली आणि सोडली. आत कार्डं होती. सगळी, ओळीनं, दोऱ्यानं बांधलेली.

"हे काय लिव्हत व्हतास?" त्यानं विचारलं.

"तू वाचून घेतलं न्हाईस कुनाकडून?" मास्तर म्हणाले.

"शिव्या घातल्या आसतील म्हणलं. त्या लोकाच्या तोंडून कशाला ऐकायच्या? ठेवून दिली." त्यानं बशीतला चहा संपवला. "तो गाडीवान तोंडानं बोलला, तवा कळलं. यंदा तर कार्डं मधीच बंद झाली."

मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. मी कपात बघितलं. मास्तरांनी चष्मा लावला, दोरा सोडला आणि एक कार्ड घेऊन उभे राहिले. वर्गात धडा वाचावा तसे मोठ्यानं वाचायला लागले.

ते कार्ड गेल्या हिवाळ्यातलं होतं. मीच पोस्टात टाकलेलं, शब्द न् शब्द मला माहीत होता. "ती. दादांस मल्हारीचा नमस्कार. शेवगा फुलला. शेवंती संपली, बुडखे ठेवले आहेत." मास्तर सावकाश वाचत होते. सटवाजी डोळे मिटून ऐकत होता. "वाल दुसऱ्यांदा लागला. लसूणघास गुडघ्याएवढा झाला." आता 'कळावे' येणार म्हणून मी कप खाली ठेवला. मास्तर थांबले. कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"दादा, माझं लई चुकलं," मास्तरांनी वाचलं. "साहेबासमोर मी तुला वळख दिली न्हाई. कळावे."

हे त्या कार्डात नव्हतं. त्या कार्डातच काय, मी टाकलेल्या कुठल्याच कार्डात नव्हतं, आणि ही गोष्ट त्या पडवीत मास्तर सोडून एकट्या मला माहीत होती. पडवीच्या दारात गयाबाई पदराला डोळे पुसत होत्या.

"आसं लिव्हलंय?" सटवाजीनं डोळे उघडून विचारलं.

"व्हय," मास्तर म्हणाले. "समद्यात तेच हाय."

सटवाजीनं हात पुढं केला. कार्ड घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं आणि फडक्यात बाकीच्यांबरोबर नीट बांधून ठेवलं. "मंग आधी सांगायचं ना," तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला.

दुपारून त्यांनी दोघांनी मिळून सुकलेला घास मेंढरांना घातला. संध्याकाळी मेंढरं अंगणभर बसली, रवंथ करत. मास्तरांनी सवयीनं डबे, माठ, बादल्या पडवीत ओळीनं लावल्या. बऱ्याचशांत नुसती माती होती, काहींत बोटभर दांडे. अकराएक माठांचे तुकडे झाले होते. माझ्या खोलीतली कण्हेर तेवढी मी आणून शेवटी ठेवली. मग मास्तर काठी टेकवून उभे राहिले. मी मनातल्या मनात मोजत होतो, विसाच्या वर काही जाईना. मास्तरांची नजर डब्यांवरून गेली, बसलेल्या मेंढरांवरून गेली, आणि कट्ट्यावर घोंगडं पांघरून बसलेल्या भावापर्यंत जाऊन थांबली.

"बराबर हायत," मास्तर म्हणाले, आणि जाऊन फाटकाला कडी लावून आले.